दुःखाला की रिटर्नला

वनमाला गेल्याचं कळलं तेव्हा त्रिंबक बीडमध्ये पेंटरच्या दुकानात उभा होता. पाटी तयार झाली होती. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं होती: 'त्रिंबक जोगदंड. हिशोब लिहिणे, आयकर रिटर्न, जीएसटी. कामे घरीच केली जातील. वेळ दहा ते पाच.' रंग ओला आहे, तासभर थांबा, असं पेंटर सांगत होता. तेवढ्यात शेजारच्या साखराबाईंचा फोन आला.

"भाऊजी, घरी या," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"काय न्हाई झालं. तुमी या."

साखराबाईंचा फोन पाच मिनिटांच्या आत कधी संपत नसे. त्यांनी एवढ्यावर फोन ठेवला तेव्हाच त्रिंबकला कळलं.

ओली पाटी दोन्ही हातांनी धरून तो एसटीत बसला. कंडक्टरनं पाटीचं वेगळं तिकीट फाडलं. त्रिंबकनं ते घेतलं आणि सुटे पैसे मोजून खिशात टाकले. कापसाच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं हिशोब लिहिलेल्या माणसाचे हात आपोआप मोजतात. त्याचं गाव चौसाळा येईपर्यंत शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पायजम्याला रंग लागू नये, एवढीच काळजी त्यानं केली. दुसरं काही सुचत नव्हतं.

वनमाला सकाळी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेली होती. तिच्या पुढं तीन जणी होत्या. जरा टेकते म्हणाली, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि बसल्या जागीच गेली. गिरणीवाल्यानं तिचा नंबर चुकू दिला नाही. डबा दळून घरी आला.

त्रिंबक पोचला तेव्हा दारात माणसं जमली होती. कुणीतरी त्याच्या हातातली पाटी काढून घेतली आणि भिंतीला उभी करून ठेवली, अक्षरं बाहेर करून. तेरा दिवस ती तिथंच राहिली, कारण ती हलवा असं कुणी सांगितलं नाही आणि न सांगता त्या घरातली वस्तू कोण हलवणार. भेटायला आलेल्या माणसाला नजर कुठं ठेवावी हे कळत नाही. सगळ्यांनी ती पाटीवर ठेवली. तेराव्यापर्यंत आसपासच्या पंधरा गावांना कळलं होतं की त्रिंबकची बायको गेली आणि तो घरी रिटर्नं भरतो.

खरं म्हणजे धंद्याची कल्पना वनमालाचीच. जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर त्रिंबक दिवसभर ओसरीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रका मोजायचा. ते तिला बघवेना. तिनं त्याला बीडला तीन महिने कॉम्प्युटरच्या क्लासला धाडलं, बचत गटातून लॅपटॉप घेतला आणि कामाची वाटणी करून दिली. "बोलायचं मी, लिहायचं तुमी," ती म्हणाली होती. त्रिंबक मुळात बोलणारा माणूस नव्हता. जिनिंगमध्ये मालकानं चार वाक्यं विचारली तर तो वही उलटी करून ओळीवर बोट ठेवायचा. एप्रिलभर वनमाला घरोघरी जाऊन कुणाकुणाशी बोलून आली. कुणाशी काय बोलली ते त्यानं विचारलं नाही. ते तिचं खातं होतं.

तेरावं झाल्यावर मुलगी धनश्रीनं बापाची बॅग भरायला घेतली. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता, एक खोली मोकळी होती. त्रिंबक म्हणाला, धंदा सुरू करायचा आहे. धनश्री म्हणाली, धंदा आईच्या जिवावर होता.  या घरात मीठ कोणत्या फळीवर असावं हे वनमालानं ठरवलेलं होतं. पुण्याच्या घरात ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असणार होतं. हे त्याला सांगता आलं नाही, म्हणून तो नुसता बॅगेतले कपडे परत बाहेर काढत राहिला. तिनं भरायचे, त्यानं काढायचे, असं तीनदा झालं.

"दहा जणांची रिटर्नं भरून दाखवा," शेवटी धनश्री म्हणाली. "एकतीस जुलैपर्यंत. भरली तर ऱ्हावा. न्हाई तर मी गाडी घेऊन येणार आन तुमी गपचूप बसायचं."

"माझं सोताचं धरायचं का?"

"सोताचं न्हाई."

त्रिंबकनं मान डोलावली. अट त्याला वाजवी वाटली.

पाटी दारावर लागली. समोरची खोली एकच. तिच्यात कोनाड्यात वनमालाचा फोटो, चंदनाचा हार, दिवा. खाली सतरंजी, कारण भेटायला येणारे अजून थांबले नव्हते. सतरंजीच्या पलीकडं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि समोर एक प्लास्टिकची खुर्ची.

पहिले आले नेकनूरचे विठ्ठलराव. त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. काखेत रेक्झिनची पिशवी होती. ते आत आले, फोटोकडं बघितलं आणि सतरंजीवर बसले. त्रिंबक टेबलावरून उठून त्यांच्या समोर येऊन बसला.

"लई वाईट झालं," विठ्ठलराव म्हणाले.

"व्हय."

मग अर्धा तास दोघं गप्प बसले. विठ्ठलरावांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. दोनदा सुस्कारा सोडला. साखराबाईंनी चहा आणून दिला तो प्याले. मग उठले आणि काही न बोलता गेले. दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, हे त्रिंबकला माहीत होतं. त्यामुळं त्याला काही वेगळं वाटलं नाही. नेकनूरहून एवढं लांब भेटायला आले, माणूस चांगला, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी साखराबाईंनी सांगितलं की विठ्ठलराव रिटर्न भरायला आले होते. बाहेर पडल्यावर त्यांच्या ओट्यावर दहा मिनिटं उभे होते आणि बीडमध्ये हे काम आणखी कोण करतं ते विचारत होते.

"मंग बोलले कावून न्हाईत?" त्रिंबकनं विचारलं.

"कसे बोलतील? दिवा जळूलालाय, फोटो हाय. तिथं माणूस आपलं घोडं म्होरं दामटतंय व्हय? तुमी इचारायचं."

त्रिंबकला तेही अवघड होतं. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला का आलात असं विचारणं म्हणजे त्याला हाकलून देणं. आलेल्यानं बोलायचं नाही, घरच्यानं विचारायचं नाही. दहा दिवसांत अकरा जण असे येऊन, सुस्कारे सोडून, चहा पिऊन गेले. त्यातले किती रिटर्नचे होते कुणास ठाऊक. जून संपला. भरलेल्या रिटर्नांचा आकडा शून्य होता आणि साखराबाईंची चहापत्ती संपली होती.

एक जुलैला त्रिंबकनं ठरवलं की आता जो येईल त्याला सरळ विचारायचं. त्या दिवशी घाटनांदूरहून बंकट आला, वनमालाचा थोरला भाऊ. बरोबर त्याची बायको बायडाबाई होती. बंकट तेराव्याला तापानं झोपून होता, म्हणून आता आला होता. दोघं सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच त्रिंबकनं विचारलं.

"कागदं आणलेत का?"

बंकटनं बायकोकडं बघितलं. बायडाबाईनं रडायला तोंडाला लावलेला पदर तसाच धरून ठेवला.

"कसली कागदं, दाजी?"

"आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक. जे असंल ते समदं."

"बहिणीला जाऊन महिना न्हाई झाला," बंकट म्हणाला, "आन तुमी कागदं मागूलालाव?"

"मागावीच लागतेत. मुदत हाय. एकतीस तारीख."

"न्हाई दिली तर?"

"न्हाई दिली तर दंड बसतो."

बंकट ताडकन उठला. माहेरच्या अकरा एकरांत वनमालाचं नाव अजून होतं. भावांनी हक्कसोडीवर तिची सही आज घेऊ, दिवाळीला घेऊ, करत वीस वर्षं काढली होती. आता नवरा वारस झाला आणि त्यानं तारीखसुद्धा ठरवली, असं बंकटच्या डोक्यात बसलं. वकील कोण दिलाय, असं त्यानं विचारलं. त्रिंबक म्हणाला, वकिलाची गरज नाही, मी घरीच करतो. बंकट चहा न घेता गेला. त्रिंबकला वाटलं, गिऱ्हाईकाशी बोलायची आपल्याला सवय नाही, जमेल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. बंकट, त्याचा धाकटा भाऊ शिवशंकर आणि बायडाबाई उतरले. शिवशंकरच्या डोक्यावर धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. रात्रीतून पेटी रिकामी करून आणली होती. सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, लाइटची बिलं, सगळ्यांची पासबुकं, शिवशंकरचा दहावीचा दाखला.

"बघून घ्या," बंकट म्हणाला. "काय बी लपवलं न्हाई आमी."

त्रिंबकनं चष्मा लावला. जमिनीचे कागद त्यानं न वाचता बाजूला ठेवले, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. पासबुकं मात्र एकेक उघडून बघितली. तासभर तो पेन्सिलीनं लिहीत होता. तिघं त्या पेन्सिलीकडं मोजणीदाराच्या साखळीकडं बघावं तसं बघत होते. मधेच शिवशंकर भावाच्या कानाशी लागून म्हणाला की चार एकर देऊन टाकू, वरच्या अंगाचे, खडकाळ. बंकटनं त्याला कोपर मारलं.

त्रिंबकनं चष्मा काढला. "ठेवींवर बँकेनं तुमचा कर कापलाय. तिघांचाबी. तीन वर्सं."

"मंग?"

"परत मागायचा. औंदाचा येईल. आधीचा गेला, मुदत संपली."

"कुणाकडून मागायचा?"

"सरकारकडून."

बंकटनं गाठोड्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी तुमी आमच्याकडून काय मागत न्हाई?"

"तुमच्याकडून काय मागू?" त्रिंबक म्हणाला. "तुमची बहीण व्हती, ती माझ्याकडं व्हती. आता न्हाई."

हे ऐकून बायडाबाई मोठ्यानं रडायला लागली. आदल्या दिवशी जमिनीच्या धाकानं तिला नीट रडता आलं नव्हतं, ते तिनं आता उरकलं. मग बंकट रडला, मग शिवशंकर. त्रिंबक तिघांचे ओटीपी लिहून घेत होता. दुपारपर्यंत तीन रिटर्नं भरून झाली. रात्री फोनवर धनश्री म्हणाली की मामालोकांची धरायची नाहीत. त्रिंबक म्हणाला की फॉर्ममध्ये नात्याचा रकाना नाही.

तीन झाली, पण पुढं गाडी हलेना. माणसं येऊन गप्प बसून जात होती आणि बंकटनंतर त्रिंबकचा विचारायचा धीर गेला होता. शेवटी साखराबाईंनी आपला पाट आणून त्याच्या दारात टाकला. वनमालाची जागा मी घेत नाही, नुसती दारात बसते, असं त्यांनी फोटोकडं बघून सांगितलं. आणि येईल त्याला त्या उंबऱ्यावरच विचारू लागल्या:

"दुःखाला आलाव का रिटर्नला?"

पहिला माणूस दचकला आणि दुःखाला म्हणाला. अर्धा तास बसून गेला. दुसराही दुःखालाच म्हणाला, आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून पगाराचा फॉर्म सोळा बाहेर डोकावत होता. बाई गेलेल्या घराच्या दारात उभं राहून रिटर्नला आलो असं कोण म्हणणार. तिसऱ्या आल्या शिवकन्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरीण. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दोनीला."

ही तोड सगळ्यांना पटली. शिवकन्याबाईंनी शाळेत सांगितलं, शाळेतून गावात गेलं. त्या दिवसापासून येणारा प्रत्येक माणूस दोन्हीला येऊ लागला. नियम आपोआप बनला. आधी सतरंजीवर अर्धा तास बसायचं, वनमालाविषयी चार शब्द बोलायचे, डोळे पुसायचे, मग खुर्चीवर येऊन पॅन नंबर सांगायचा. मधेच कुणी नुसता दुःखाला आला, तर खुर्चीवरच्यानं उठून परत सतरंजीवर जायचं. त्याच्या देखत खुर्चीवर बसणं बरं दिसत नव्हतं.

विठ्ठलराव परत आले तेव्हा याच्यात सापडले. साखराबाईंनी त्यांना सांगितलं की तुमचं दुःख मागच्या बारीला झालंय, तुम्ही सरळ खुर्चीवर जा. त्यांना ते पटलं नाही. ते रीतसर बसले, मग खुर्चीवर आले. ओटीपी आला आणि त्याच वेळी लिंबागणेशहून तिघी बायका रडत आत आल्या. विठ्ठलराव फोन खिशात घालून सतरंजीवर गेले. बायका उठेपर्यंत ओटीपीची वेळ गेली. दुसरा मागवला, तर दोन म्हातारे आले. तिसऱ्या वेळी विठ्ठलराव सतरंजीवर बसूनच, फोटोकडं बघत, सुस्काऱ्यासारखे एकेक आकडे सोडू लागले. "सात," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "चार." म्हातारे माना हलवत होते. त्रिंबक त्यांच्याकडं पाठ करून लिहीत होता. ते रिटर्न असं भरलं.

त्या अर्ध्या तासांत त्रिंबकला वनमालाचं खातं कळत गेलं. शिवकन्याबाईंकडं ती एप्रिलात तीनदा गेली होती.

"मी म्हणलं, तुमचे मालक तर बोलतच न्हाईत, काम कसं सांगावं," शिवकन्याबाई म्हणाल्या. "तर वैनी म्हणाल्या, ते बोलत न्हाईत, पण चुकत न्हाईत."

त्या दिवशी त्रिंबकनं शिवकन्याबाईंचा पॅन नंबर दोनदा चुकीचा टाकला.

जुलै संपत आला तशी आयकराची साइट रडत चालू लागली. तीस तारखेला नववं रिटर्न गेलं. एकतीसला सकाळपासून कुणी आलं नाही. दुपारी तीन वाजता धनश्रीची गाडी दारात आली.

साखराबाईंनी सवयीनं तिलाही विचारलं, "दुःखाला का रिटर्नला?"

"न्यायला," धनश्री म्हणाली.

तिनं पावत्या मोजल्या. नऊ. परत मोजल्या. त्रिंबकनं तिला मोजू दिलं. तिनं बॅग काढली, बापाचे कपडे भरले आणि लॅपटॉप भरायला टेबलाकडं गेली, तर स्क्रीनवर एक रिटर्न उघडं होतं. सगळं भरलेलं. वरती नाव होतं वनमाला त्रिंबक जोगदंड. वनमालानं शिवणकामाच्या पैशांतून ठेवलेल्या ठेवीवर बँकेनं कर कापला होता. मृत्यूचा दाखला लागला होता, वारसाचा कागद लागला होता, साइटनं वारस म्हणून त्रिंबकला मान्यताही देऊन पंधरा दिवस झाले होते. खाली एक ओळ होती, की मयत वनमाला यांचा वारस म्हणून मी हे भरत आहे. त्या ओळीखालचं बटण तेवढं दाबायचं होतं.

"आबा, हे तर तयार हाय," धनश्री म्हणाली.

"हाय."

"मग दाबा की. हे दहावं. मी मोकळी जाते, तुमी इथं ऱ्हावा."

त्रिंबक खुर्चीवर बसला. हात टेबलावर ठेवले. बराच वेळ तो त्या ओळीकडं बघत होता. मग त्यानं हात उचलून मांडीवर ठेवले.

"हे तिचं शेवटचं काम हाय," तो म्हणाला. "हे भरलं की तिच्या नावानं काय बी करायचं राहत न्हाई."

 बॅग खाली ठेवून धनश्री सतरंजीवर बसली. आई गेल्यापासून ती चारदा येऊन गेली होती. प्रत्येक वेळी भांडी, बँक, दाखले, बॅग असं काहीतरी काम होतं. बसली नव्हती. आता अर्धा तास बसली. साखराबाईंनी चहा आणला, तो तिच्या पुढ्यात गार झाला.

"आज न्हाई भरलं तर काय व्हतंय?" तिनं पदरानं तोंड पुसून विचारलं.

"आजची मुदत जाती," त्रिंबक म्हणाला. गिऱ्हाईकाला सांगायचा तो आवाज आता त्याला येऊ लागला होता. "पण उशिराचं म्हणून भरता येतं. एकतीस डिसेंबरपर्यंत. उत्पन्न थोडं हाय, दंड न्हाई लागायचा."

"डिसेंबर."

"एकतीस डिसेंबर."

"मग माझीबी तीच तारीख धरा," धनश्री म्हणाली आणि बॅगेतले बापाचे कपडे काढून परत कपाटात ठेवू लागली.

गाडी रिकामी गेली. ऑगस्टात उशिराचे चौघं आले, सप्टेंबरात आणखी तिघं. दोन दुकानांचं जीएसटीचं कामही मिळालं. दहाचा आकडा केव्हाच मागं पडला आणि धनश्री फोनवर तो विचारत नाही. आता नोव्हेंबर चालू आहे. वनमालाचं रिटर्न अजून भरायचं राहिलं आहे.